नऊ नंबरची मोटार

आमच्या क्लबच्या शर्यती पंचांग बघून ठरतात. आषाढात लग्नांचे मुहूर्त थांबतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत डोंबिवलीतला एक लग्नाचा हॉल रविवारी रिकामा पडतो. त्या चार महिन्यांत महिन्यातून एका रविवारी तिथे रिमोटच्या गाड्या पळतात. खाली मांडवाचं लाल कार्पेट, वळणांच्या कडेने पाण्याचे जुने पाइप, आणि जिथे एरवी नवरा-नवरी घामाघूम होऊन हसत उभे असतात त्या स्टेजवर आम्ही, गळ्यात रिमोट अडकवून. आम्ही चौदा जण, त्यांत बाई मी एकटी. वय पंचेचाळीस, ठाण्याच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, राहते ठाकुर्लीला. चार वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी हा हॉल बघायला गेले होते. तिथे हे प्रकरण पाहिलं आणि हॉलचं भाडं विचारायचंच विसरले. नणंद अजून ते काढते.

ही खेळणी नव्हेत, हे मला प्रत्येक नव्या माणसाला सांगावं लागतं आणि दर वेळी माझा आवाज चढतो. आम्ही पळवतो त्या गटाला स्टॉक क्लास म्हणतात. म्हणजे सगळ्यांची बॅटरी सारखी, टायर सारखे, आणि मोटारही एकाच कंपनीची, एकाच जातीची. ब्रशलेस मोटार, साडेसतरा वेढ्यांची. मधे लोहचुंबक फिरतो, भोवती तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या जागच्या जागी बसून असतात, घासणारं काही नाही. कागदावर चौदाही मोटारी सारख्याच. प्रत्यक्षात कुठल्याच दोन सारख्या नसतात, आणि आमची निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

म्हणून क्लबची एक पद्धत आहे. मोटारी कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. हंगाम संपला की त्या सगळ्या एका स्टीलच्या डब्यात जातात, प्रत्येकीवर नंबराची पट्टी. पुढच्या हंगामाआधी एका रविवारी त्या टेबलावर मांडतात आणि आदल्या वर्षी जो शेवटचा आला असेल त्याची निवड पहिली. मग शेवटून दुसरा, तिसरा, असं करत विजेत्याला उरेल ती. मीटर लावायचा नाही. हाताला, डोळ्यांना, कानांना पाच मिनिटांत जे कळेल ते कळेल. घरचं एक माणूस सोबत आणलं तरी चालतं. मोटार उघडायला सक्त मनाई, त्यामुळे तिच्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका लावलेला असतो. नेलपॉलिश अर्थातच माझं.

मागच्या वर्षी पहिली निवड माझी होती. याचा अर्थ सांगायला नको. पहिल्या सहा जणांना अंतिम फेरीत जागा मिळते आणि तीन वर्षांत मी त्या सहांच्या आसपासही फिरकले नव्हते. स्टाफरूममध्ये मी शर्यतीबद्दल इतकं बोलायचे की एकदा कुणीतरी साधेपणाने विचारलं, "मग कितवा नंबर येतो तुमचा?" मी विषय बदलला. त्या दिवशी घरी येऊन जाहीर केलं, यंदा पहिल्या सहांत आले नाही तर गाडी कुणाला तरी देऊन टाकेन. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "कोणाला?" म्हणजे मी हरणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. माझं डोकं फिरलं.

त्या वेळी टेबलाशी बसून भाजी निवडणाऱ्या आई एवढंच म्हणाल्या, "मोटार निवडायला मी येऊ का?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. माहेर राजापूरकडच्या एका खेड्यातलं, लग्न होऊन डोंबिवलीत आल्या आणि वर्षभरात एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात कामाला लागल्या. पंख्यांच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळायच्या. सव्वीस वर्षं त्यांनी तेच केलं. पुढे गुंडाळायचं यंत्र आलं आणि बायकांची ती ओळ उठली. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर तारेने पडलेली बारीक खाच अजून आहे. घरात मिक्सर बिघडला की त्या दुसऱ्या खोलीतून सांगतात, "बंद कर, जळेल." मी फिजिक्सची बाई, मला तो वास आल्यावर कळतं.

तरी इतक्या वर्षांत माझ्या गाडीच्या मोटारीबद्दल त्यांना काही विचारावं असं माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून विचारलं तेव्हाही मी "चला की" म्हटलं ते जरा कौतुकाने, लहान मुलाला म्हणावं तसं. हे लिहिताना लाज वाटते.

तयारी मात्र त्यांनी माझ्यापेक्षा जास्त केली. माझी सरावाची एक जुनी मोटार मागून घेतली आणि दुपारभर ती हातात फिरवत बसल्या. "आमच्या मोटारींत चुंबक नसायचा," म्हणाल्या. दांडा दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायचा, तो जरा अडायचा, सुटायचा, पुन्हा अडायचा. "हा चुंबक धरतोय. सारखा धरला पाहिजे. आणि जोरात धरला पाहिजे." मग चष्मा सारखा करून फटींतून आतली तार बघत राहायच्या.

निवडीच्या रविवारी त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. हॉलमध्ये सगळ्यांनी "काकू, बसा ना, पंख्याखाली बसा" केलं. ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ राहणारा आमचा सलग तीन वर्षांचा विजेता म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ, सगळ्या सेमच असतात." आई त्याच्याकडे बघून छान हसल्या आणि पदराला हात पुसून टेबलाशी गेल्या.

"उघडायची नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. बाहेरूनच बघायची."

"म्हणजे पूर्वी मुलगी बघायला जायचे तसंच की," त्या म्हणाल्या आणि सगळा हॉल हसला.

मग पाच मिनिटं कुणी हसलं नाही. एकेक मोटार त्या उचलायच्या, डोळे मिटून दांडा फिरवायच्या, मग उजेडाकडे धरून फटीतून गुंडाळी बघायच्या. कुठे दहा सेकंद, कुठे त्याहून कमी. हात कुठेही रेंगाळत नव्हता की घाईत नव्हता. चार नंबर त्यांनी लगेच खाली ठेवली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही हलकी आहे. मोकळी पळेल, ओझं दिलं की रडेल." नऊ नंबरवर मात्र थांबल्या. पुन्हा फिरवली. पुन्हा आत बघितलं.

"ही घे," त्या म्हणाल्या. "तार कशी बसवलीय बघ. एकावर एक चढलेली नाही कुठे. जिने गुंडाळली तिला घाई नव्हती."

मी बघितलं. मला तांबं दिसलं. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी नऊ नंबर उचलली आणि वहीत सही केली. मी लग्न होऊन आले त्याला वीस वर्षं झाली. त्या आधी कधी अशा दिसल्या होत्या ते मला आठवेना.

सगळ्यांच्या निवडी झाल्या की मग क्लबचा मीटर निघतो. प्रत्येक मोटार रिकामी फिरवायची, मिनिटाला किती फेरे होतात ते बघायचं आणि यादी ग्रुपवर टाकायची. आई घरी गेल्यानंतर ती यादी आली. सगळ्यात वर चार नंबर. नऊ नंबर चौदांत अकरावी. खाली लगेच हसणारे चेहरे, आणि कुणीतरी लिहिलेलं: "काकूंची चॉइस."

मला त्या यादीचा इतका राग आला की विचारू नका. आणि खोटं कशाला सांगू, राग यादीवर कमी होता आणि आईंवर जास्त. तीन वर्षांनी पहिली निवड मिळाली होती आणि ती मी हौसेपायी घालवली, असं वाटलं.

चार नंबर उरत उरत कल्याणच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेली होती. आमच्यात वयाने सगळ्यात मोठे ते. पहिली शर्यत सुरू होईपर्यंत दोघं राजी असतील तर मोटारींची अदलाबदल चालते. पुढच्या रविवारी, पहिल्या शर्यतीच्या सकाळी, तेच माझ्याजवळ आले. "मॅडम, तुमची नऊ नंबर मला द्याल? ही चार तुम्ही घ्या." मला वाटलं गंमत करताहेत. यादीतली पहिली देऊन अकरावी मागणारा माणूस मी पाहिला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाले, "मी त्या दिवशी काकूंचे हात बघत होतो."

मी मनात म्हटलं, बघा हात. आणि मोटार बदलून घेतली.

घरी काही बोलले नाही. गाडीवर वरचं कवच असतं, ते काढल्याशिवाय मोटारीचा नंबर दिसत नाही. मी गाडी बाल्कनीत साफ करायला लागले, कपाटात वरच्या फळीवर ठेवायला लागले. चव्वेचाळीस वर्षांची बाई सासूपासून मोटार लपवतेय, हे मला तेव्हाही हास्यास्पद वाटत होतं, पण लपवली.

आई त्या पहिल्या शर्यतीला आल्या आणि मग प्रत्येक शर्यतीला. लग्नात मुलीकडच्यांची असते त्या पहिल्या रांगेत खुर्ची घेऊन बसायच्या, मांडीवर पर्स, पर्समध्ये सगळ्यांसाठी सुंठीच्या वड्या. टाळ्याही वाजवायच्या, फक्त चुकीच्या वेळी. माझी गाडी मागच्या वळणावर असायची आणि आईंच्या टाळ्या आधीच वाजून झालेल्या असायच्या. मला वाटायचं, लांबचं नीट दिसत नाही, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जायला हवं, असं मी नवऱ्याला दोनदा म्हणालेसुद्धा.

इकडे चार नंबरने मला तोंडावर पाडलं. पाच मिनिटांची शर्यत. पहिलं दीड मिनिट गाडी अशी पळायची की मी सगळ्यांच्या पुढे. मग कार्पेट तिला जड व्हायचं. वळणातून बाहेर पडताना ओढ कमी, मोटार इतकी तापायची की शर्यतीनंतर बोट टेकवत नव्हतं. पहिल्या दोन रविवारांत मी नववी. खरं तर मी हे वर्गात शिकवते. चुंबक दुबळा असेल तर मोटार रिकामी जास्त वेगाने फिरते, पण भार आला की तिच्यात जोर नसतो आणि ती नुसती तापते. फळ्यावर दर वर्षी लिहिते, खाली दोन रेघा मारते. यादीतला पहिला नंबर हाच तिच्या दुबळेपणाचा पुरावा होता आणि तो मी बक्षीस समजून घरी नेला.

आणि आईंना हे दोन बोटांत कळलं होतं.

तिसऱ्या रविवारी पहिल्या फेरीनंतर मी वैतागून टेबलाशी बसले होते. आई उठून आल्या. गाडीवरून हात फिरवावा तसा कवचावरून फिरवला, कवच काढलं नाही. म्हणाल्या, "हिला ओझं कमी दे. मोटारीवरचं ते छोटं दातेरी चक्र आहे ना, ते अजून लहान लाव. दोन दात कमी."

"वेग जाईल, आई."

"वेग तसाही जातोच आहे की दीड मिनिटाने. थोडा आधीच सोडून दे. मग शेवटपर्यंत येईल बिचारी."

मी लहान चक्र लावलं. सरळ पट्ट्यावर सगळे मला मागे टाकायला लागले, पण चौथ्या मिनिटाला त्यांच्यातले दोघं-तिघं दमायचे आणि माझी तशीच चालत राहायची. त्या दिवशी मी पाचवी आले. नवरात्रात हॉल गरब्याला दिलेला असल्यामुळे खंड पडला, मग चौथा रविवार. त्यात माझा हात एका वळणावर चुकला, गाडी पाइपावर चढली, पण मोटार टिकली. चारही रविवारांचे गुण मिळून मी सहावी. फलकावर स्वतःचा नंबर बघून मी टेंभी नाक्यावाल्याच्या पाठीत जोरात थाप मारली. तो बिचारा चहा पीत होता.

तुळशीच्या लग्नाआधीच्या शेवटच्या रविवारी अंतिम फेरी झाली. सहा गाड्या, माझी सगळ्यात मागे. शेवटच्या मिनिटाला पुढच्या दोघांची टक्कर झाली आणि मी त्यांतल्या एकाच्या पुढे निघाले. पाचवी. टेंभी नाक्यावाला पुन्हा पहिला. डॉक्टर दुसरे, आणि तेही हातभर अंतराने. चौसष्ट वर्षांचा माणूस, हात जरा थरथरतात, पण शेवटच्या फेरीत प्रत्येक वळणातून त्यांची गाडी नुकतीच सुरू झाल्यासारखी बाहेर पडत होती.

मी स्टेजवरून उतरून आईंना मिठी मारायला गेले. तेवढ्यात डॉक्टर त्यांची गाडी घेऊन माझ्या आधी तिथे पोचले.

"काकू," ते म्हणाले, "तुमच्या नऊ नंबरने म्हातारपणी इज्जत वाढवली माझी."

चार महिने लपवलेली गोष्ट या भल्या माणसाने एका वाक्यात सगळ्यांसमोर ठेवली. आईंच्या तोंडाकडे बघायला मी धजले नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "छान चालवलीत हो. दुसऱ्या रविवारी डावीकडच्या वळणाला फार लवकर सोडत होतात. मग सुधारलंत."

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. तुझी गाडी खाली ठेवलीस नि सुरू केलीस. आधी मोकळी पळाली, मग रडली. ती चार नंबर होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी गाडी. तुला ती बरी वाटली असेल." त्यांच्या आवाजात टोमणा शोधला, नव्हता. "आणि तुझ्याकडे चार आहे म्हटल्यावर नऊ कोणाकडे ते शोधायला हवं ना. दोन शर्यतींत सापडली मला."

तेव्हा कुठे मला त्या टाळ्या समजल्या. त्या चुकीच्या वेळी वाजत नव्हत्या. माझी गाडी मागच्या वळणावर असताना डॉक्टरांची गाडी रेष ओलांडत असायची.

"म्हणजे तुम्ही सगळा हंगाम..."

"अगं बाय, सव्वीस वर्षं गुंडाळल्या मी," आई म्हणाल्या. "गुंडाळायची, टोकं बांधायची, ट्रेमध्ये ठेवायची. ट्रे भरला की घेऊन जायचे, दुसरा यायचा. पुढे ती कुणाच्या घरात फिरली, किती वर्षं फिरली, की आठ दिवसांत जळली, कधी कुणी सांगायला आलं नाही. आम्ही विचारायचो कोणाला? ही एक जरा मनासारखी मिळाली होती. म्हटलं, शेवटपर्यंत काय करते ते बघू तरी."

मग माझ्याकडे बघून, मला बरं वाटावं म्हणून, "तुझ्यासाठी पण वाजवल्या की. आज शेवटी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. मी त्या मोटारीला अंतिम फेरीत जायची शिडी समजत होते. त्यांच्यासाठी ती काय होती हे विचारायला मला चार महिन्यांत एक मिनिट मिळालं नव्हतं. आणि तरी माझी दुबळी मोटार शेवटपर्यंत कशी न्यायची ते त्यांनीच मला सांगितलं होतं, मी लपवतेय हे माहीत असताना, कवच न काढता.

"बघू का जरा?" आईंनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी कवच काढून गाडी त्यांच्या पुढे धरली. आईंनी मोटारीवर तर्जनी टेकवली, खाच असलेली तीच. माझ्या हातातली चार नंबर अजून चटका देत होती, ती मी या हातातून त्या हातात करत उभी होते.

"कोमट आहे," आई म्हणाल्या.

दांड्याला कार्पेटचा लाल धागा अडकला होता, तो त्यांनी नखाने अलगद काढला. बोट पुन्हा मोटारीवर ठेवलं, आणि डॉक्टर दोन्ही हातांत गाडी धरून आईंचं होईपर्यंत थांबले.